अकोल्याहून आणलेला बर्फ

मुलगी वैशाखात झाली. आई म्हणायची, पोरीने यायला चांगला महिना निवडला नाही. जणू मुहूर्त पोरीनेच काढला होता. वलगावचा वैशाख ज्याने काढला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. दुपारी कोंबड्या चोच उघडी टाकून भिंतीच्या सावलीला पडून राहतात आणि माणसं घरात बसूनही घराबाहेर असल्यासारखी भाजतात.

ती कापसाच्या तेजीची वर्षं. कुठेतरी समुद्रापलीकडे लढाई चालली होती म्हणून आमच्या काळ्या मातीला सोनं लागलं होतं. गावातले शहाणे लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून हिंडत होते. आम्ही माळी, आमचा कापूस नव्हता. विहिरीवर मोट, वांगी-मेथीचे वाफे, बांधाला झेंडू, एवढंच. पण कापूसवाले भाव न करता भाजी उचलत, त्यामुळे तेजीचा शिंतोडा आमच्याही अंगावर उडाला होता. मी घरातला पहिला शिकलेला, अमरावतीच्या शाळेत दुय्यम मास्तर. सुटीत घरी आलो की गावातली म्हातारी माणसंही मला मास्तर म्हणत. मला ते फार आवडायचं. हे आत्ताच कबूल करून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या आवडीचा वाटा आहे.

बायकोचं माहेर तापाच्या साथीत सापडलं होतं, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. सगळं व्यवस्थित पार पडलं. सुईणीने मुलगी माझ्या आईच्या हाती दिली आणि बाळंतिणीची खोली बंद झाली. आमच्याकडे खोली बंद होते म्हणजे खरोखर बंद होते. खिडकीच्या भोकात चिंध्या कोंबल्या, दाराला आतून घोंगडं टांगलं, बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवली. सकाळ-संध्याकाळ ओव्याची धुरी. बाळंतिणीच्या कानाला फडकं, पोटाला पट्टा, अंगावर वाकळ. प्यायला पाणी द्यायचं ते उकळून, तेही घोटभर. गार पाणी म्हणजे विष, वारा म्हणजे मरण. दहा दिवसांचं सोयर असल्यामुळे मी आत जात नव्हतो. दाराशी उभा राहून विचारत होतो आणि आतून हूं येत होतं.

आईला मी दोष देणार आहे असं वाटत असेल तर थांबा. माझ्या आईने सात बाळंतपणं काढली होती आणि त्यातली चार लेकरं मातीत ठेवली होती. त्यातलं एक पौषात गेलं, त्या रात्री दार उघडं राहिलं होतं. तेव्हापासून तिचं वाऱ्याशी वैर होतं. सुनेची शेगडी ती दुसऱ्या कोणाला भरू देत नसे. त्या भट्टीत दिवसभर तीच बसायची, स्वतः घामाने न्हायची आणि सुनेचे पाय शेकायची. जीव लावूनच करत होती सगळं. मी पुढे पुष्कळ शोधलं, पण त्या खोलीत मला दुष्टपणा कुठे सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी ताप आला. पाचवीची पूजा झाली, सटवाईपुढे लेखणी ठेवली, पण ताप उतरला नाही. सहाव्या दिवशी सकाळी मी दाराशी गेलो तेव्हा आई विहिरीवर गेली होती. मी घोंगडं जरा बाजूला केलं. आतली हवा तोंडावर आली ती चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढल्यासारखी. बायको डोळे उघडे ठेवून पडली होती. मी हात लावला. अंग तापलेलं होतं आणि कोरडं ठण होतं. त्या खोलीत माझ्या कपाळावरून दोन क्षणांत घाम निथळायला लागला, आणि तिच्या अंगावर एक थेंब नव्हता.

ती म्हणाली, "आत्याबाईले सांगा ना, थोडकसं कवाड उघडाले."

मी म्हणालो, आईला सांगतो.

"तुमी सांगसान तं आयकतीन त्या. तुमी शिकेल आहा."

मी पुन्हा म्हणालो, सांगतो. तेवढ्यात अंगणात घागरीचा आवाज झाला आणि मी घोंगडं सोडून दिलं. आई आली. मी तिला म्हणालो, अमरावतीला जाऊन दवाखान्यात विचारून येतो. आई म्हणाली, जा. कवाडाबद्दल मी बोललो नाही. संध्याकाळी आल्यावर बोलू, डॉक्टरने सांगितलं म्हणून बोलू, असं मी मनाशी ठरवलं. स्वतःच्या तोंडाने बोलण्यापेक्षा सरकारी तोंडाने बोललेलं बरं.

दवाखान्यातला डॉक्टर आपल्यातलाच होता, मुंबईला शिकून आलेला, चिडखोर. त्याने चार प्रश्न विचारले. शेगडी आहे का, खिडकी उघडी आहे का, घाम येतो का, पाणी किती पिते. माझी उत्तरं ऐकून त्याने दौत बाजूला सरकवली. हा नुसता ताप नाही, असं तो म्हणाला. अंगातली उष्णता बाहेर पडायची वाट तुम्ही बुजवली आहे. शेगडी काढा, दार-खिडकी सताड उघडा, पाणी मागेल तेवढं द्या, धोतर ओलं करून अंगावर टाका आणि पंख्याने वारा घाला. धोतर वाळलं की पुन्हा ओलं करा. दिवसभर हेच करा. मग जरा थांबून, माझ्याकडे पाहून म्हणाला, बर्फ मिळाला तर डोक्यावर ठेवायला चांगला, पण तो इथे नाही, आगगाडीने अकोल्यापर्यंत येतो.

एवढं सगळं त्याने सांगितलं आणि मी त्यातला एकच शब्द उचलला, बर्फ.

का, ते आज सरळ सांगतो. ओल्या धोतराची गोष्ट आईपुढे काढायची म्हणजे काय, ते मला माहीत होतं. बाळंतिणीच्या अंगावर ओलं फडकं आणि त्यावर वारा! आईच्या लेखी मी बायकोचा गळा दाबायला सांगत होतो. ती रडली असती, पौषातलं लेकरू काढलं असतं, शेजारच्या चार बायका गोळा झाल्या असत्या आणि मास्तर येडा झाला असं गावभर झालं असतं. बर्फाचं तसं नव्हतं. बर्फ गावात कोणी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे तो बाळंतिणीला वर्ज्य आहे असंही कोणी म्हटलेलं नव्हतं. तो साहेबांचा, विलायती, दुरून येणारा, महाग. तेजीच्या दिवसांत आम्हा सगळ्यांची अशी पक्की समजूत झाली होती की दुरून येणारं आणि महाग ते गुणकारीच असणार. ओलं धोतर फुकट होतं, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

तीन कोस मागे आई होती आणि तीस कोस पुढे बर्फ होता. मी तीस कोस जायचं ठरवलं. वलगावच्या एका गाडीवाल्याबरोबर घरी निरोप धाडला की औषध आणायला अकोल्याला जातो आहे, उद्याच्या रात्रीत परत येतो. डॉक्टरने अकोल्याच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली. देताना तो म्हणाला, "बर्फाची वाट पाहू नका. आधी घरी जा."

मी हो म्हणालो आणि टपालाच्या टांग्याचा अड्डा गाठला.

अकोल्यापर्यंतचा प्रवास मला फारसा आठवत नाही. घोडे बदलत होते, धूळ उडत होती, रस्त्याच्या बाभळींना गाड्यांवरून ओरबाडलेला कापूस लटकत होता. आठवतं ते एवढंच की मी खूश होतो. काहीतरी करतो आहे, मोठं करतो आहे, असं वाटत होतं. बायकोसाठी तीस कोस जाणारा नवरा वलगावात दुसरा नव्हता.

अकोल्याला दवाखान्याच्या कंपाउंडरने चिठ्ठी पाहिली आणि लाकडी भुशात पुरलेला बर्फाचा धोंडा बाहेर काढला. त्यातला घागरीएवढा तुकडा फोडून मला दिला. मी तो पंच्यात गुंडाळायला लागलो तेव्हा तो हसला. त्याने गोणीत भुसा भरला, त्यात बर्फ ठेवला, वरून चांगला वीतभर कापूस दाबला आणि त्याच्यावर घोंगडं आवळून बांधलं. मी म्हणालो, अहो, घोंगड्याने ऊब येते, बर्फ वितळेल. तो म्हणाला, घोंगड्याजवळ स्वतःची ऊब नसते मास्तर, ते फक्त वाट अडवतं. आतली आत ठेवतं, बाहेरची बाहेर. मला ते पटलं नाही, पण मी ऐकलं. त्याच वेळी वलगावात एका तापलेल्या बाईच्या दाराला घोंगडं टांगलेलं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

परत येताना दिवसाचं ऊन सगळं अंगावर घेतलं. गोणी मांडीवर होती. मूर्तिजापूरच्या पुढे तिच्यातून पाणी गळायला लागलं. मी खाली लोटी धरली. पाणी इतकं गार की बोटं दुखली. मला वाटलं होतं, बर्फ जसजसा वितळेल तसतसं पाणी कोमट होत जाईल. तसं झालं नाही. बडनेऱ्याजवळ बर्फ अर्ध्यावर आला होता आणि पाणी तेवढंच गार होतं. वर ऊन आग ओतत होतं. ती सगळी आग गोणीत शिरत होती, बर्फ कमी होत होता, पण ऊब कुठे दिसत नव्हती. मी शाळामास्तर, मला याचं नवल वाटलं. मी लोटीत पुन्हा पुन्हा बोट बुडवून पाहत होतो. माझी बायको मरत होती आणि मी पाण्यात बोट बुडवून नवल करत होतो.

अमरावतीहून वलगावची बैलगाडी मिळायला मध्यरात्र झाली. पहाटे घरी पोचलो तेव्हा नारळाएवढा बर्फ उरला होता. आई दारात आली. तिचे डोळे सुजले होते. ती एवढंच म्हणाली, "लय उशीर केला बापू."

सोयर-बियर सोडून मी आत गेलो. शेगडी पेटलेली होती. बायकोची शुद्ध जात-येत होती. आईने बर्फाला बोट लावलं आणि मागे घेतलं. मी म्हणालो, सरकारी दवाखान्यातून आणला आहे, डॉक्टरने सांगितलं आहे. आईने सुनेच्या कानाचं फडकं नीट आवळलं. मग म्हणाली, "फकस्त डोक्शावर ठेव. अंगाले लागू देऊ नको. आन् कवाड लावून घे."

मी कवाड लावून घेतलं.

आजही लिहिताना हात थांबतो तो इथे. शेगडी काढ, असं मी तेव्हाही म्हणालो नाही. आईने बर्फाला होकार दिला यातच मला मोठा विजय वाटला होता. खोलीत एकीकडे गोवऱ्यांचा विस्तव, दुसरीकडे पंच्यात बांधलेला बर्फ, मधे ती. बर्फाचं पाणी तिच्या केसांतून उशीत जात होतं आणि आई ते लगोलग कोरड्या फडक्याने टिपून घेत होती. अंगावर ओल राहू नये म्हणून.

एक खडा मी तिच्या ओठांना लावला. तिने जीभ फिरवली आणि डोळे उघडले. दोन दिवसांत पहिल्यांदा तिने मला ओळखलं.

"हे काय व्हय? दगड?"

मी म्हणालो, पाणीच आहे. गोठलेलं पाणी.

ती थोडा वेळ खडा चघळत राहिली. मग म्हणाली, "पानीच द्याचं होतं, तं आपल्या इहिरीचं काहून नाई दिलं?"

मी दुसरा खडा तिच्या ओठांना लावला. आईने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. दिवस कासराभर वर आला तेव्हा बर्फ संपला आणि दुपारच्या आत ती गेली.

पुढे तीन-चार वर्षांनी शाळेत पदार्थविज्ञानाचं एक पुस्तक आलं आणि ते शिकवायला माझ्याकडे दिलं. त्यात गुप्त उष्णतेचा धडा होता. बर्फाचं पाणी होताना पुष्कळ उष्णता गिळली जाते, पण ती ऊब होऊन दिसत नाही, म्हणून तिला गुप्त म्हणायचं. लोटीतल्या पाण्याचा उलगडा झाला. मी पान उलटलं. पुढे लिहिलं होतं की पाण्याची वाफ होतानाही उष्णता अशीच गिळली जाते, आणि ती बर्फापेक्षा कितीतरी जास्त. शेरभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, त्याच्या जवळजवळ सातपट शेरभर पाणी वाळताना ओढून घेतं. त्यासाठी पाणी उकळावं लागत नाही. कपडा वाळतो, घाम वाळतो, तेव्हा हेच होत असतं.

मी पाटीवर हिशेब मांडला. नारळाएवढा बर्फ म्हणजे फार तर चार शेर. त्याने जे काम केलं असतं ते आमच्या विहिरीच्या अर्ध्या-पाऊण शेर पाण्याने केलं असतं. एका लोट्याने. एक ओलं धोतर आणि उघडं कवाड. वैशाखातली ती कोरडी, भाजणारी हवा, जिला आम्ही चिंध्या कोंबून बाहेर ठेवलं होतं, तिनेच पाणी झपाट्याने वाळवलं असतं आणि बायकोच्या अंगातली आग उचलून नेली असती. पौषातला वारा आणि वैशाखातला वारा यांत आम्ही फरकच केला नाही.

आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नाही. अमरावतीच्या बाजाराला मेथीची पाटी जायची तेव्हा आई तिच्यावर ओलं पोतं टाकायची, वाटेत दोनदा पाणी शिंपडायला सांगायची आणि वारा लागेल अशा बेताने पाटी गाडीच्या तोंडाशी ठेवायची. तीन कोसांत मेथीचं पान सुकत नसे. मेथीचं जे कळत होतं ते माणसाचं कळलं नाही. त्या दिवशी मी वर्गात धडा अर्धवट सोडला आणि मुलांना सुटी दिली.

घरी येऊन आईला सांगायचं मनात होतं. ती अंगणात माझ्या मुलीची वेणी घालत होती. तिला काय सांगू? की तू प्रेमाने भरलेल्या शेगडीने ती गेली? आई त्यानंतर जगली असती का, आणि त्या पोरीला कोणी सांभाळलं असतं? मी गप्प बसलो. मला वाटलं, झालं ते झालं, गप्प बसण्याने आता कोणाचं काही बिघडणार नाही.

तेही खोटं ठरलं. कारण गावाने तोवर आपला निवाडा करून टाकला होता. चांगले सात दिवस तग धरलेली बाई, मास्तरने अकोल्याहून बर्फ आणला आणि अर्ध्या दिवसात गेली. गारव्याने गेली. हे इतकं उघड होतं की त्यावर वाद घालायला जागाच नव्हती. वलगावात एखाद्या बाळंतिणीने खिडकी उघडायला सांगितली की म्हाताऱ्या म्हणत, मास्तरच्या बायकोचं काय झालं ते माहीत आहे ना? आणि खिडकीला आणखी एक चिंधी लागायची.

धडा वाचला त्याच्या पुढच्याच वैशाखात आमच्या आळीत एक सून बाळंत झाली. त्यांच्या दारावरून जाताना मला घोंगडं दिसलं. ओव्याचा धूर बाहेरपर्यंत येत होता. मी थांबलो. ओसरीवर तिचा सासरा बसला होता. मी आत जाऊन सांगू शकत होतो, मला पुस्तकातला आकडा पाठ होता. पण सांगायचं म्हणजे बर्फाने ती गेली नव्हती हे सांगावं लागलं असतं. मग ती कशाने गेली, हे आळीतून आमच्या अंगणात यायला किती वेळ लागला असता? मी राम राम केला, पोराचं तोंड पाहिलं का म्हणून विचारलं आणि पुढे गेलो. ती सून नवव्या दिवशी गेली. तिचं वय माझ्या बायकोपेक्षाही कमी होतं.

मग मी बदली मागून अकोल्याच्या शाळेत गेलो. तिथे दरवर्षी गुप्त उष्णतेचा धडा शिकवला. चांगला शिकवत असे म्हणतात.

आई म्हातारी होऊन, खाऊनपिऊन, नातीचं लग्न पाहून गेली. शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ वलगावात होतो. एका दुपारी तिने मला जवळ बसवलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून माझा हात चाचपून धरला. म्हणाली, एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली आहे, ती घेऊन जायचं नाही. मी म्हणालो, बोल माय. मला वाटलं, तिलाही कळलं होतं तर. इतक्या वर्षांत कधीतरी, पाटीवर ओलं पोतं टाकताना, तिलाही उमगलं असेल. आता आम्ही दोघं मिळून रडू, असं मला वाटलं.

ती म्हणाली, "तू बरफ आनला म्हनून ते गेली, हे मले त्याच दिसी समजलं होतं बापू. पन म्या तुले कधी बोलून दाखोलं नाई. तू चांगल्यासाटीच आनला होता."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, हो माय, चुकलं माझं.

"जाऊ दे," ती म्हणाली, "म्या तुले माफ केलं," आणि समाधानाने कूस वळवून झोपली.